उजव्या स्पीकरची वायर

उजव्या स्पीकरची वायर गेली आहे, असं कानसेनने घरात जाहीर केलं तेव्हा त्याची बायको मटार सोलत होती. तिने मान वर न करता विचारलं, "कुठे गेली?"

"गेली म्हणजे खराब झाली. डावीकडून आवाज कसा खणखणीत येतो बघ. आणि उजवीकडून येतो तो उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा."

"मला तर दोन्हीकडून सारखाच ऐकू येतो."

"तुझा कान तयार नाही."

यावर तिने पुढची शेंग उचलली. कानाच्या बाबतीत नवऱ्याशी वाद घालायचा नाही, हा धडा तिला लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात मिळाला होता. तेव्हा शेजारच्या खोलीत बसून मिक्सरची घरघर ऐकून तो म्हणाला होता, "हा तीन दिवसांचा सोबती आहे." मिक्सर चौथ्या दिवशी गेला. "एका दिवसाने चुकलात की," असं ती पुढे अठरा वर्षं त्याला ऐकवत राहिली, पण माहेरी ही गोष्ट सांगायची ती मात्र छाती फुगवून.

कानसेन हे अर्थात त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या पावतीवर असायचं आणि तिथेच राहायचं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो देखभालीचा फिटर होता. अकरा यंत्रं, आणि प्रत्येकात सात-आठ बेअरिंगं. रोज सकाळी पाळी सुरू झाली की हा आपला हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन निघायचा. टोक बेअरिंगच्या कवचावर टेकवायचं, मूठ उजव्या कानात दाबून धरायची आणि डोळे मिटायचे. लोखंडाच्या पोटातला आवाज सरळ डोक्यात यायचा. मग खिशातून खडू काढून यंत्राच्या अंगावर खूण. बरोबरची खूण असली तर यंत्र ठणठणीत. आडवी रेघ असली तर लक्ष ठेवा. आणि फुली असली तर आत्ताच्या आत्ता बंद करा, बेअरिंग बदला. फुलीपुढे साहेबाचंही काही चालत नसे. एकदा एका नव्या सुपरवायझरने फुली न जुमानता पाळी चालू ठेवली होती. तासाभरात रूळ जाम झाला, आस तुटला, आणि वरचं लोखंडी झाकण पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून बाहेरच्या सायकलींवर जाऊन पडलं. सगळे चहाला गेले होते म्हणून कोणाच्या घरी रडारड झाली नाही. त्या दिवसापासून फुली म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हा कान त्याला वडिलांनी दिला. वडिलांचं काचसामानाचं दुकान होतं. पेल्याला नखाने टिचकी मारायची आणि तडा आहे की नाही ते सांगायचं, हे तो शाळेत जाण्याआधी शिकला. शाळेत मास्तर जे सांगत होते ते मात्र त्याच कानांनी कधी आत घेतलं नाही, त्यामुळे दहावीनंतर स्वारी कारखान्यात दाखल झाली. तिथे एक म्हातारा वस्ताद भेटला. त्याने एकच नियम शिकवला. यंत्र उघडण्याआधी आपण जागा बदलायची. पत्र्याच्या शेडमध्ये आवाज भिंतींवर आपटून कुठूनही कुठेही फिरतो. म्हणून आधी पलीकडे जायचं, तोंड फिरवायचं आणि पुन्हा ऐकायचं. खडखड होती तिथेच राहिली तर दोष यंत्रात. ती आपल्याबरोबर फिरली तर दोष आपल्यात. कानसेनने हा नियम पुढे वीस वर्षं येईल त्याला शिकवला आणि विसरेल त्याला फाडून खाल्लं. त्यात त्याचा मेहुणाही सुटला नाही. बायकोचा धाकटा भाऊ त्याच्याच शब्दावर कारखान्यात लागला होता आणि सहा नंबरच्या यंत्रावर, रुळांपासून दोन हातांवर उभा राहून पुठ्ठा आत सारत होता.

तर, वायरीचं प्रकरण सुरू झालं ते एका रविवारी दुपारी. होम थिएटर हा कानसेनचा एकुलता एक शौक. पाच स्पीकर, कोपऱ्यात गडगडणारा एक डब्बा, आणि मधोमध त्याची खुर्ची. ती जागा त्याने टेपने मोजून ठरवली होती, आणि झाडताना खुर्ची इंचभर सरकली तरी त्याला कळायचं. नवराबायको एक सिनेमा बघत होते. पडद्यावर जंगलातली पहाट होती आणि कोणी काही बोलत नव्हतं. बायको म्हणाली, "किती गोड चिवचिवतात ना पाखरं!"

कानसेनला वाटलं, ती थट्टा करतेय. कारण पाखरं नव्हतीच. पानांची सळसळ होती, लांब कुठेतरी पाणी होतं, पण पाखरू एकही नव्हतं.

"कुठल्या बाजूला?" त्याने विचारलं.

"हे काय, उजवीकडे."

आपल्याला काय झालं असावं हे कानसेनला त्याच क्षणी कळलं होतं, आणि ते कळू नये म्हणून त्याने लगेच वायरीचं नाव घेतलं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण त्यालाही ठाऊक होती. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं की, असं त्याने स्वतःला बजावलं.

पुढचे तीन आठवडे कसे गेले ते त्याचं त्यालाच माहीत. फोन आपोआप डाव्या कानाला जाऊ लागला. कारखान्यात डबा खाताना तो बाकाच्या उजव्या टोकाला बसू लागला, म्हणजे बोलणारे सगळे डावीकडे येतील. उजवीकडून कोणी काही बोललंच तर "हं" म्हणायचं. एकदा दुप्पट भावात जुनी सायकल विकत घ्यायलाही तो "हं" म्हणून मोकळा झाला आणि नंतर निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले.

पण खरी धडकी भरायची ती सकाळच्या फेरीत. सगळी यंत्रं एकाएकी शहाणी झाली होती. कुठे खरखर नाही, कुठे किरकिर नाही. मूठ कानात दाबली की एक मऊ, गुबगुबीत गुणगुण ऐकू यायची, पोट भरलेल्या मांजरासारखी. तो बरोबरची खूण करायचा आणि पुढे सरकायचा. पुढच्या यंत्रातही तेच मांजर. अकराच्या अकरा यंत्रांत मांजरं बसली होती. बेअरिंग बिघडताना आधी बारीक, टोकदार आवाज काढतं, पाखरासारखा, हे त्यानेच किती जणांना शिकवलं होतं.

एका सकाळी त्याने मूठ डाव्या कानाकडे न्यायला हात उचलला, आणि अर्ध्यावरूनच खाली आणला. डावीकडून काही वेगळं ऐकू आलं तर?

त्यात साहेबाने त्याला सगळ्यांसमोर बोलावून पाठ थोपटली. "तीन आठवडे! एकही फुली नाही! याला म्हणतात देखभाल. शिका जरा कानसेनकडून."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेहुण्याने तर शिटी मारली. कानसेन हसला, पण तोंडचं पाणी पळालेला माणूस जसा हसतो तसा. त्या रात्री त्याला पाखरं नव्हे, सायकलींवर पडलेलं ते लोखंडी झाकण दिसत राहिलं.

कानाच्या डॉक्टरकडे जावं, हे काय त्याला सुचलं नसेल? पण डॉक्टरकडे गेलं की कागद होतो, आणि कागदाला पाय असतात. तो फिरत फिरत कारखान्यात पोचला की मग कानसेन कसला? नुसता सेन. त्यापेक्षा वायर बदलून बघू. वायर बदलली आणि पाखरं आली, तर सगळंच मिटलं. अशी सगळी भिस्त त्या दोन पदरी तारेवर टाकून तो शनिवारी संध्याकाळी वायरवाल्याच्या दुकानात तिसऱ्यांदा जाऊन उभा राहिला.

वायरवाला चष्मा कपाळावर चढवून बोलायचा. "साध्या वायरीतून आवाज येतो हो, नाही असं नाही. पण तो थकून येतो."

"थकून?"

"मग! एवढा प्रवास. आता ही बघा. शुद्ध तांबं, वर चांदीचा मुलामा, टोकांना सोनं. हिच्यातून आवाज असा येतो, जसा काही आत्ताच आंघोळ करून निघालाय."

एरवी कानसेनने या माणसाची सालपटं काढली असती. चार हात लांबीच्या तारेत आवाज थकतो म्हणे! पण आज तो मान डोलवत होता, "अगदी बरोबर, अगदी बरोबर" म्हणत होता. फसायला इतकं उतावीळ गिऱ्हाईक वायरवाल्याने जन्मात पाहिलं नसेल. शेवटी त्यालाच कसंतरी वाटलं.

"दादा, असं करू का? उद्या घरी येतो. मीटर लावला की दोन मिनिटांत कळेल, तुमची जुनी वायर गेलीय की नाही."

"नको!" कानसेन इतक्या जोरात म्हणाला की शेजारच्या दुकानातल्या बाईने डोकावून पाहिलं.

"बरं, नको तर नको. पण मीटरला घाबरणारा माणूस मी आजच बघितला." वायरवाल्याने वेटोळं कागदात गुंडाळलं. "सोमवारपर्यंत ठेवा. अख्खी आणलीत तर परत घेईन. कापली की तुमची."

रविवारी सकाळी ते वेटोळं जेवणाच्या टेबलावर पडलं होतं आणि कानसेन हातात पक्कड घेऊन त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. बायकोने वायरीच्या टोकाला बोट लावून पाहिलं. "माझ्या कानातल्यांना एवढं सोनं नाही."

"मुलामा आहे तो."

"माझ्याही कानातल्यांना मुलामाच आहे. तरी एवढा नाही."

त्याने भिंतीपासून स्पीकरपर्यंतचं अंतर मोजलं. मग पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा बायको म्हणाली, "भिंत वाढत नाही हो." पण कापायला हात धजेना. कापली, लावली आणि तरी पाखरं आली नाहीत, तर मग दोष कोणावर ढकलायचा? जुनी वायर आहे तोवर आडोसा आहे. एवढंच कारण होतं, आणि ते तो कोणाला सांगू शकत नव्हता.

एक वाजता मेहुणा आला. रविवारी दुपारची पाळी असली की तो बहिणीकडे जेवून दोनला कामावर जायचा. सोमवारी मोठा माल निघायचा होता, म्हणून आज कारखाना चालू होता.

"दाजी, हे काय? वीज नव्याने घरात आणताय का?"

"उजवीकडची वायर गेलीय."

"कशावरून?"

"आवाज दबका येतो."

"पलीकडे तोंड करून बघितलंत?"

कानसेनने पक्कड वायरीला लावली होती, ती तशीच राहिली. "बघायचं काय त्यात? वीस वर्षं हेच करतोय ना मी?"

"म्हणूनच विचारतोय." मेहुण्याने टेबलावरचा काकडीचा काप तोंडात टाकला. "मला पहिल्या दिवशी तुम्ही यंत्राला हात लावू दिला नव्हता. आधी पलीकडे जा, तोंड फिरव, म्हणालात. मी म्हटलं, कशाला? तर सगळ्या पाळीसमोर माझी बिनपाण्याने केलीत. आता खुर्ची तर फिरवायचीय. पैसा पडत नाही."

"तू जेवायला बस."

"अगं ताई, बघ गं! दाजी नियम मोडतायत."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, फिरवा की एकदा. वायर काय पळून जातेय?"

दोघांच्या मध्ये सापडला बिचारा. नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. त्याने पक्कड खाली ठेवली, खुर्ची उचलली, गर्रकन फिरवली आणि पडद्याकडे पाठ करून बसला. समोर पांढरी भिंत, भिंतीवर कॅलेंडर. मेहुणा हसत सुटला. बायकोने हात पुसत येऊन सिनेमा त्या जंगलाच्या पहाटेवर नेऊन लावला.

उजवा स्पीकर आता डावीकडे आला होता.

आधी सळसळ आली. मग पाणी. आणि मग डाव्या कानात एक पाखरू बोललं. एक नव्हे, दुसरं त्याला उत्तर देत होतं. तिसरं मध्येच तोंड घालत होतं. चार-पाच तरी असावीत, इतकी स्वच्छ, इतकी जवळ, की कॅलेंडरवर येऊन बसतील. वायर ठणठणीत होती. स्पीकर ठणठणीत होता. आणि आता उजवीकडे आलेला चांगला स्पीकर उशीत तोंड खुपसून बोलत होता. दबकेपणा कानसेनबरोबर फिरला होता.

"काय दाजी, कसं वाटतंय?"

कानसेन भिंतीकडे बघूनच बोलला. "काल तुझ्या सहा नंबरवर मी काय खूण केली होती?"

"बरोबरची. सगळ्यांवरच होती की."

"आज तू कामावर जायचं नाहीस."

"म्हणजे? खाडा लागेल ना."

"लागू दे." तो उठला, पण खुर्चीची पाठ त्याने सोडली नाही. "माझा उजवा कान गेलाय. तीन आठवडे झाले. खुणा सगळ्या अंदाजाने केल्यात. म्हणजे, मला ऐकू आलं तेच लिहिलं, पण मला ऐकूच येत नव्हतं, आणि ते मला माहीत होतं."

मेहुण्याचं हसू ओठांवरच वाळलं. बायकोने आधी सिनेमा बंद केला. मग म्हणाली, "तीन आठवडे? आणि हा रोज त्या रुळांपाशी उभा राहत होता?"

"अगं..."

"मला वायर सांगत होतात तुम्ही. वायर!"

तिने रडून घेतलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ती रडली नाही. तिने दाराजवळच्या त्याच्या चपला पायाने त्याच्याकडे सरकवल्या. "एकटा हाच नाही तिथे. दहा यंत्रांवर दुसऱ्यांचे भाऊ आहेत. निघा."

टेबलावर वायरीचं वेटोळं अख्खंच राहिलं, आणि जेवणही.

दोघं कारखान्यात पोचले तेव्हा दोनला दहा कमी होते. सकाळची पाळी हात धूत होती, दुपारची डबे ठेवत होती, आणि मधल्या वेळेपुरती यंत्रं थांबलेली होती. कानसेन कोणाशी बोलला नाही. एक नंबरपाशी गेला, खडू काढला आणि फुली मारली. दोन नंबरवर फुली. तीनवर फुली. पाचव्या फुलीपर्यंत सुपरवायझर धावत आला.

"अरे, अरे! रांगोळी घालतोयस काय? काल सगळं ठीक होतं!"

"काल मी बहिरा होतो. आजही आहे."

सुपरवायझर हसला. कानसेनची थट्टा त्याला सवयीची होती. मग त्याने मेहुण्याचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसणं थांबलं. "उद्या माल जायचाय. साहेबाला काय सांगू मी?"

"सांगा, कानसेनचा कान गेला. मी स्वतःच सांगतो उद्या. पण आज या अकरांना हात लावू नका."

फुलीपुढे कोणाचं चालत नाही ते कानसेनच्या फुलीपुढे. बहिऱ्या माणसाच्या फुलीला कोण विचारतो? सुपरवायझरने खालच्या ओठाचा चंबू केला, एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पत्र्याच्या भिंतीवर मारलेल्या ठिगळाकडे. "एकेक यंत्र रिकामं चालवून बघ," तो म्हणाला. "पुठ्ठा नाही, माणूस नाही. पण संध्याकाळच्या आत मला उत्तर पाहिजे."

माणसं लांब भिंतीशी जाऊन उभी राहिली. कानसेन आधी सहा नंबरकडे गेला. यंत्र सुरू झालं. त्याने टोक बेअरिंगवर टेकवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मूठ डाव्या कानाला लावली. काहीतरी आलं. पण काय आलं ते त्याला नावाने सांगता येईना. डाव्या हाताने सही करावी तसं सगळं वाकडंतिकडं. घाबरलेल्या माणसाला तर काहीही ऐकू येतं. आता आपण भीतीपोटी खोटी खरखर ऐकत असलो तर?

त्याने स्क्रूड्रायव्हर मेहुण्याच्या हातात दिला. "तू ऐक."

"मी? दाजी, मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला नको. चांगलं की वाईट ते ठरवू नकोस. जे ऐकू येईल ते सांग."

मेहुण्याने मूठ कानाला लावली, डोळे मिटले. यंत्राच्या आवाजात बोलणं ऐकू येईना, म्हणून कानसेनने आपला डावा कान त्याच्या तोंडाशी नेला.

"घूं घूं चाललंय," मेहुणा ओरडला. "आणि मध्येमध्ये... ओल्या वाळूवर चप्पल घासल्यासारखं."

"किती वेळाने? एकसारखं की थांबून थांबून?"

"कसं सांगू आता?"

कानसेनने आपलं मनगट पुढे केलं. "इथे वाजव. जसं येईल तसं."

मेहुण्याने दोन बोटं त्याच्या मनगटावर ठेवली. क्षणभर काहीच नाही. मग टक्. टक्. तेवढंच थांबून पुन्हा टक्. कानसेनने डोळे मिटले. बोटं चुकत नव्हती, घाई करत नव्हती. वीस ठोके त्याने मोजले आणि वीसही सारख्या अंतराने आले. भीतीला असा ठेका नसतो. फिरणाऱ्या लोखंडाला पडलेल्या खड्ड्याला असतो.

"बंद करा!" तो ओरडला. यंत्र थांबलं. "बेअरिंगची बाहेरची कडी फुटलीय. आजच बदलायला हवी. दोन दिवससुद्धा काढले नसते तिने."

मेहुण्याने एकदा रुळांकडे आणि एकदा आपण रोज उभं राहतो त्या जागेकडे पाहिलं. कानसेननेही त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"आणि बाकीची दहा?" सुपरवायझरने भिंतीपासून विचारलं.

"ऐकू," कानसेन म्हणाला, आणि मनगट पुढे करून सात नंबरकडे चालू लागला.